नातीच्या परीक्षेत मी झील धरली

पारावर बसलं की जो तो विचारतो, "काय आबा, नातीला घेऊन कुठं फिरून आलाव?" दरवेळी पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा. अर्धं सांगून होतंय तोवर समोरचा तंबाखू झटकून उठतो. म्हणून लिहून काढलं. वाचनालयात ठेवतो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. माझी शाळा चार यत्ता, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी अक्षरं मी जलशाची गाणी पाठ करताना गिरवली. तेव्हा चुका काढत बसू नका.

जलसा नव्या पोरांना माहीत नाही. आम्ही बौद्ध झालो, त्याच्यानंतरची ती वर्षं. गाणी, बतावणी, मधी थोडं भाषण, असं आम्ही गावोगाव करत फिरायचो. मी काही पुढचा गाणारा नव्हतो. मी झीलकरी. पुढच्यानं ओळ म्हणली की मागं उभं राहून ती उचलायची, त्याला झील धरणं म्हणतात. झीलकऱ्याचा कायदा एकच: पुढच्यानं सोडलेली ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही. घसा बसला, ताप आला, समोरून दगड आला, तरी उचलायची.

माझी बायको गयाबाई माघात गेली. पोटाचं दुखणं होतं. जास्त लिहीत नाही. ती कधी जलशात उभी राहिली नाही, तेव्हा बायका राहत नव्हत्या. पण घरी आली की सरपंच कसा चालतो, तलाठी पान कसं खातो, टँकरवाला हॉर्न वाजवून कसा मिरवतो, सगळं करून दाखवायची. बाया लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसायच्या. ते सगळं नातीनं उचललं. नात म्हणजे नंदा, माझ्या अशोकची थोरली. बारावी झाली आन् म्हणाली, मला नाटकाचं शिकायचंय, कॉलेजात त्याची डिग्री असती.

अशोक उमरीला जिनिंगात कामाला आहे. तो म्हणला, "डी.एड.ला नाव लागलंय. नांदेडला एक परीक्षा हाय, लातूरला एक हाय. दोन्हीकडं जाऊन ये. जमलं तर जमलं, न्हाई तर गुमान मास्तरीण हो." त्याला रजा नव्हती. मी रिकामाच. म्हणून मी गेलो.

डी.एड. झालं असतं तर पोरगी रोज संध्याकाळी घरी. नाटक झालं तर तीन-चार वर्षं परमुलखात. आन् घरात म्हातारीच्या आवाजात बोलणारं ते एकच माणूस. मला ती पास व्हायला पाहिजे होती आन् घरी पण पाहिजे होती. दोन्ही होत नसतं, एवढं मला कळतं. पण वाटायचं ते वाटायचंच.

उमरीचं स्टेशन

मिरग कोरडा गेलेला. गावातून निघताना पाणी सोबत घ्यायचं, ही त्या वर्षीची रीत. पूर्वी पाहुणा आला की आधी तांब्या पुढं करायचो. आता पाहुणाच आपला तांब्या घेऊन येतो आन् दारात म्हणतो, पाणी हाय बरं माझ्याजवळ. त्याला तसं म्हणताना लाज आन् आपल्याला ऐकताना लाज. आम्ही म्हातारीचा फिरकीचा तांब्या घेतला. पितळी, तोंडाला फिरकीचं झाकण. लग्नात तिच्या बापानं दिलेला. झाकण जरा ढिलं आहे, हिसका बसला की सांडतं.

गाडीत नंदा आपलं भाषण घोकत बसली. तिच्या कॉलेजच्या सरांनी लिहून दिलेलं, कुण्या राणीचं. राजा लढाईत मेला आन् ती रडती. डोळे मिटून पुटपुटता पुटपुटता पोरीच्या डोळ्यांतनं खरंच पाणी आलं. समोर मुदखेडची एक बाई टोपलं घेऊन बसली होती. ती उठून हिच्याजवळ आली, डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नको माय. कोण गेलं?"

आता नाटक म्हणून सांगावं तर त्या बाईला काय कळणार. नंदानं माझ्याकडं बघितलं आन् म्हणाली, "आजी."

बाईनं टोपल्यातली भाकरी काढली, वर ठेचा घातला आन् तिच्या हातावर ठेवली. "खा. उपाशी रडू ने." मला पण दिली. दुष्काळात परक्याला भाकरी देणारं माणूस. आम्ही दोघं मुकाट्यानं खाल्ली. मुदखेड येईपर्यंत राणीचं भाषण बंद.

नांदेड

उतरलो हमीदभाईकडं. इतवाऱ्यात त्याचं ढोलकी, तबला मढवायचं दुकान. आमच्या जलशाची ढोलकी तोच मढवायचा. शाई लावताना असा वाकून बसायचा की बाजूनं म्हैस गेली तरी बघत नव्हता. आता डोळे गेलेत, मुलगा काम करतो, हा बाजूला बसून बोटानं वाजवून बघतो आन् शिव्या देतो.

"आ गया उमरीका कव्वा!" आवाज ऐकूनच म्हणला. मग हळूच, "भाबी का सुना रे. अल्ला की मर्जी." मी म्हणलं, हां. त्यानं माझा हात धरून ठेवला. त्याच्या बायकोनं नंदाला आत घेतलं. ज्वारीची भाकर, आंबट वरण, वर तेलात तळलेली मिरची. आमच्याकडं वरणात चिंच इतकी घालत नाहीत. मी वाटीला तोंड लावून प्यालो.

दुपारी गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथं सगळे एका पंगतीला, डोक्यावर रुमाल, समोर थाळी. वाढणारा पळत येतो, रोटी हातात देतो, पुढं जातो. कुणी गाव विचारत नाही. गावच विचारत नाही, तर त्याच्यापुढचं विचारायची पाळीच येत नाही. तरुणपणी जलशाच्या फिरतीवर कुठं जेवण मिळालं नाही की आम्ही इथं यायचो. कुठं कुठं आम्हाला ओसरीच्या खाली बसवून जेवायला घालायचे, वरून वाढायचे. त्याच्यानंतर इथं बसलं की माणूस सरळ बसतो. नंदाला ते सांगितलं. ती म्हणाली, "आबा, आजीला आणलं होतं का कधी?" एकदा आणलं होतं. म्हातारीनं रोटी हातात घ्यायच्या ऐवजी पदर पसरला होता, सवयीनं. वाढणारा सरदार थांबला, म्हणला, माताजी, हाथ. तेव्हा तिनं हात पुढं केले.  मग महिनाभर त्या सरदाराची चाल करून दाखवत होती.

गोदावरी बघायला घाटावर गेलो. नदी म्हणजे नुसते खडक. मधी एक धार, तिच्यात म्हशी, पोरं, धुणं, सगळं एकाच जागी.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. कॉलेजचा हॉल, पुढं टेबल, मागं तीन सर. तिला ऑडिशन म्हणतात. पोरं-पोरी ओळीनं उभी. कोणी पडून मरायचं, कोणी दारुडा करायचं. पालकांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, म्हणून बसलो.

नंदानं राणी केली. बरी केली. एक सर म्हणले, "गाणं येतं का काही?" मला वाटलं, ती शाळेतलं काही म्हणेल. तिनं आमच्या जलशातलं विहिरीचं गाणं काढलं. कधी शिकली, मला माहीत नाही. म्हातारीनंच शिकवलं असणार.

"आड सरकारी, पाणी ढगाचं, पोहरा अडवतो कोण?"

आन् थांबली. ते गाणं तिथं थांबतंच. कारण तिथं मागचे उचलतात. मी काय विचार केला? काहीच नाही. हात कानावर गेला, छाती भरली आन् मागच्या बाकावरून पुऱ्या आवाजात:

"कोण रं कोण? सांगा, कोऽऽण? जी जी रं जी!"

सगळा हॉल वळला. पोरं खदखदून हसली. एक सर पण हसले, पण मधल्या सरांनी टेबलावर पेन आपटलं. "आजोबा, परीक्षा तुमची आहे का तिची? बाहेर बसा." मी उठलो. दारातून बघितलं तर नंदा उभी होती तशीच. पुढचं कडवं तिला येत होतं, मला माहीत आहे, येत होतं. पण आलं नाही.

संध्याकाळी कॉलेजच्या फळ्यावर नावं लागली. तिचं नव्हतं.

रस्त्यानं ती माझ्यापुढं चालली. मी मागं. पुलावर आल्यावर वळली.

"आबा, तुम्हाला गप बसता येत न्हाई का?"

"ओळ सोडून दिलीस तू. उचलायला नको?"

"तिथं उचलायची नसती! तिथं एकट्यानं करायचं असतंय!"

 एकट्यानं करायचं असतं, हे आमच्यात कुणी शिकवलंच नाही.

हमीदभाईला सांगितलं, तर तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला. "अरे मियाँ, छोकरीका इम्तिहान था, तेरा नै. लातूर में मुंह बंद रख. बंद नै रहता तो कुछ ठूंस ले उसमें."

लातूरची वाट

लोहा, अहमदपूर, चाकूर असं एस.टी.नं गेलो. बाहेर बघवत नव्हतं. शेतं म्हणजे उघडी काळी जमीन, भेगा पडलेली. झाडांचा पाला जनावरांसाठी ओरबाडून नेलेला, नुसते खुंट उभे. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीवर बाया खडी फोडत बसलेल्या, डोक्यावर पदर, पदराखाली बारकं पोरगं. एका गावाजवळ टँकर उभा होता. त्याच्याभोवती घागरींची रांग माणसांपेक्षा लांब. माणसं सावलीला आन् घागरी नंबरात. आमच्या गावी पण असंच. घागर म्हणजे माणूस.

अहमदपूरच्या अलीकडं कंडक्टर ओरडला, "चला, लातूरचा नवा जिल्हा आला! नवी हवा खा!"

मागून एक म्हातारा म्हणला, "जिल्हा नवा, धक्के जुनेच की राव." गाडी तेवढ्यात अशी आदळली की सगळे हसले. तांब्याचं झाकण निघून माझ्या धोतरावर पाणी सांडलं. आमच्या दोघांच्या घोटभर पाण्याचं नुकसान. नंदानं तांब्या माझ्या हातातून घेतला, फिरकी आवळली आन् आपल्या मांडीवर ठेवला. नांदेडपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. 

मी खिडकीतून बघत होतो आन् मनात आलं: लातूरला पण नाही झालं, तर पोरगी घरीच राहील. आलं खरं. मग मी त्या विचाराला मनात चार शिव्या दिल्या आन् समोरच्या सीटची दांडी धरून बसलो.

लातूर, औसा

लातूर म्हणजे नव्या नवरीसारखं. जिकडं तिकडं रंग. "जिल्हा" हा शब्द एवढ्या पाट्यांवर मी कुठं बघितला नव्हता. जिल्हा हे कार्यालय, जिल्हा ते कार्यालय. एका पाटीवर पेंटर चढलेला, खालून साहेब सांगत होता, अक्षर मोठं काढ. हॉटेलात मात्र भिंतीवर लिहिलेलं: चहासोबत पाणी मिळणार नाही. म्हणजे साहेब नवे आले, पाणी अजून यायचं होतं.

राहायला औशाला गेलो, म्हातारीची धाकटी बहीण कोंडाबाई तिथं आहे, बसस्टँडापासून जवळ. वाटेत किल्ल्याची काळी भिंत दिसते. लग्नानंतर पहिल्यांदा इथं आलो होतो, तेव्हा गयाबाईनं त्या भिंतीकडं बघून विचारलं होतं, "एवढी भिंत घालून आत होतं काय?" मी म्हणलं, राजा. ती म्हणाली, "एकच?" हे आठवून मला हसू आलं. 

कोंडाबाईनं दारातच नंदाला धरलं. "आगं, बहिणीचं नाक हाय की गं हिला!" मग पिठलं-भाकरी झाली. दिवेलागणीला ती म्हणाली, "दाखव बरं, उद्या काय करून दाखवणार हाईस."

नंदानं राणी केली. कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं केलंस माय. पण ही राणी पाणी कुठून भरती?"

"राणी पाणी भरत नसती, मावशीआजी."

"मग रडाया डोळ्यात पाणी कुठून आलं तिच्या?"

नंदा नांदेडपासून पहिल्यांदाच हसली. आन् हसता हसता उठली, कोपऱ्यातली रिकामी घागर कमरेला लावली, पाय जरा फाकले, हनुवटी वर केली. आम्हाला कळायच्या आत म्हातारी घरात उभी. टँकरवाल्याशी भांडत होती. "आरं ये गुलामा, नळी माझ्या घागरीत सोड, रस्त्याला काय तहान लागली व्हय?" कोंडाबाई हसली, मग हसता हसताच तिनं पदर डोळ्याला लावला. मी उठून अंगणात गेलो. मागून नंदाचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं बाहेर आली. "आबा, उद्या राणी न्हाई करत. आजी करते. चालंल का?"

"मला काय विचारतीस. परीक्षा तुझी हाय."

"तुम्हाला विचारून राहिले. ती तुमची हाय."

मी म्हणलं, "कर."

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईची घागर घेऊन लातूरला कॉलेजात गेलो. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाची माणसं तिथं परीक्षा घ्यायला आली होती. एक पांढऱ्या केसांची बाई आन् दोन सर. मी आत गेलोच नाही. बाहेर कडुनिंबाखाली बसलो, खिडकी उघडी होती. हमीदभाईचं आठवलं, तोंडात काहीतरी ठूंस ले, म्हणजे कोंब. नंदाचं नाव पुकारलं, तसा मी तांब्या उघडला, तोंडभर पाणी घेतलं आन् गाल फुगवून बसलो. दुष्काळात पाण्याचा असला उपयोग मीच केला असेल.

कॉलेजचा शिपाई आला. "बाबा, दाढ दुखून राहिली का?"

मी मान हलवली, हो.

"लवंग धरा."

परत मान हलवली. गेला बिचारा.

आत सुरू झालं. टँकर आला, हॉर्न वाजला, घागरींची पळापळ, हिचं भांडण, तिचं भांडण. आतले सर हसल्याचा आवाज आला. बाई पण. मग म्हातारी नंबर सोडून मागं वळली, जसं खरं वळायची, आन् घराकडं तोंड करून हाक मारली.

"अवो, ऐकलं का? दुसरी घागर आणा!"

थांबली.

तिथं मी असतो. इतकी वर्षं तिथं मीच. घरातून ओरडायचो, "आलो, आलो!" आन् यायला उशीरच करायचो. नंदानं ती जागा सोडली होती. माझ्यासाठी नव्हती सोडली, मला माहीत होतं. पण जागा माझीच होती.

"अवो! ऐकू येतंय का?"

परत थांबली. लई वेळ थांबली. आत कुणी हसलं नाही. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पाणी नाकातून यायला लागलं. सगळी छाती उचंबळून वर आली, जशी हॉलमधी आली होती. ओळ खाली पडत होती आन् मी बघत होतो.

मग म्हातारीच्या आवाजात, पण हळू, नंदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बसा तुमी. मीच येते."

आन् घागर उचलल्याचा, पावलांचा आवाज. बस.

मी पाणी गिळलं. दाराशी नंदा आली, घामानं निथळत. माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, ओठ का पांढरे पडलेत?" मी तांब्या पुढं केला. ती घटाघटा प्याली. मग पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. मला म्हणाली, "तुम्ही आजोबा? हिला घेतलंय आम्ही. हॉस्टेलची सोय होईल." आन् थोडं थांबून, "त्या आजी आहेत का घरी? भेटायला आवडेल."

नंदा काही बोलायच्या आत मी म्हणलं, "न्हाईत. पण तुमी आत्ता भेटलाव की."

परत उमरी

श्रावणात नंदा शिकायला गेली. अशोक सोबत गेला, त्याला या वेळी रजा मिळाली. तांब्या मी तिच्या पिशवीत घातला. ती म्हणाली, "झाकण ढिलं हाय." मी म्हणलं, "हाय तर हाय. आवळून घे."

स्टेशनावर मी ठरवून काही बोललो नाही. गाडी हलली. डबा पुढं गेल्यावर खिडकीतून तिनं डोकं काढलं, हनुवटी वर केली आन् पुऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अवो, ऐकलं का?"

माझा हात कानावर गेला. कुणी टेबलावर पेन आपटणारं तिथं नव्हतं.

"आलो! आलो, आलो!"

गाडी वळणापलीकडं गेली. चहावाला किटली घेऊन बाजूलाच उभा होता. माझ्या खांद्याला हात लावून म्हणला, "बाबा, कुठं निघालाव? गाडी गेली की."

म्हणलं, "गाडीला न्हाई म्हणलो मी."